चार तारांची जन्मपत्रिका

युकुलेले म्हणजे गिटारीचे तान्हे पोर, असे ते प्रथम पाहणाऱ्याला वाटते. डोक्यापासून बुडापर्यंत लांबी जेमतेम २१ इंच, तारा चार, आणि वजन इतके हलके की काखेत धरून खुशाल बाजार करून यावे. आपल्या मुलांना ते आता चांगले ठाऊक झाले आहे. शहरातल्या वाद्यांच्या दुकानांत ते रंगीबेरंगी होऊन टांगलेले असते. पण खरे जुने युकुलेले, कोआ नावाच्या तांबूस, लाटांसारख्या रेषांच्या लाकडाचे, अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर सापडते, तेव्हा घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो सुरांचा नसतो. ‘हे किती जुने?’ असे विचारून ती वाद्याच्या पोटात डोकावतात. आत कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर १८७९ हा आकडा असतो, आणि घरात आनंदीआनंद होतो.

तो आनंद बहुधा तीसचाळीस वर्षांनी चुकलेला असतो.

आपल्याकडे वस्तूंचे वय काढण्याचे काम तांब्यापितळेच्या भांड्यांनी सोपे करून ठेवले आहे. घागरीच्या गळ्याशी देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, कशाप्रीत्यर्थ दिली ते आणि खाली तारीख, इतके सारे कासाराने ठोकून ठेवलेले असते. त्यात दगा नाही. कारण आहेर करणाऱ्याला आपली घागर जुनी आहे असे भासवायचे नसते. पण वाद्य विकणाऱ्याला नेमके तेच भासवायचे असते, निदान आपले घराणे जुने आहे असे तरी. म्हणून युकुलेलेच्या पोटातली चिठ्ठी वाचताना पहिल्यांदा विचारावे ते हे, की हा आकडा वाद्याच्या जन्माचा आहे की दुकानदाराच्या अभिमानाचा?

१८७९ हा आकडा मात्र कोणी हवेतून काढलेला नाही. त्या साली २३ ऑगस्टला ‘रेव्हन्स्क्रॅग’ नावाचे जहाज हवाई बेटांतल्या होनोलुलू बंदरात आले. ते निघाले होते पोर्तुगालच्या ताब्यातल्या मदेरा बेटाहून, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून येण्यात त्याचे चार महिने गेले होते. पोटात चारशेवर माणसे, बायकापोरांसकट. मदेरातल्या द्राक्षमळ्यांना एकामागून एक रोगांनी खाल्ले होते, लोक अन्नाला महाग झाले होते. आणि इकडे हवाईतल्या उसाच्या मळेवाल्यांना हातांची टंचाई होती. अमेरिकेशी झालेल्या करारामुळे १८७६ पासून हवाईची साखर तिथे बिनजकात जाऊ लागली होती, तेव्हा जितका ऊस लावावा तितका थोडाच. मदेराहून मजुरांचे पहिले जहाज, ‘प्रिसिला’, १८७८ साली येऊन गेले होते. त्यांच्या पाठोपाठचे हे.

वाचकांना यातले काही ओळखीचे वाटले असेल, तर ते साहजिक आहे. त्याच १८७९ च्या मे महिन्यात ‘लिओनिडास’ हे जहाज हिंदुस्थानातले गिरमिटिये घेऊन फिजी बेटांना लागले. मॉरिशसला तर आपल्या कोकणातली माणसे त्याही आधीपासून उसाच्या कामावर जात होती, आणि त्यांची नातवंडेपतवंडे तिथे आजही मराठी म्हणून ओळखली जातात. साखरेच्या एका चमच्यासाठी जगातली किती गावे रिकामी झाली याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडायला हवा. असो. आपला विषय वाद्याचा आहे.

रेव्हन्स्क्रॅगवरच्या माणसांत तीन सुतार होते: मानुएल नुनेस, औगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. तिघेही मेजा-कपाटे करणारे. आणि एक जॉआंव फर्नांडिस नावाचा तरुण होता, त्याला माशेते वाजवता येई. माशेते म्हणजे मदेरातले चार तारांचे चिमुकले वाद्य. तिकडे त्याला ब्रागिन्या असेही म्हणत. जहाज धक्क्याला लागले तेव्हा या फर्नांडिसने दुसऱ्याचे माशेते मागून घेतले आणि जमिनीवर पाय ठेवल्याच्या आनंदात वाजवत, गात सुटला, अशी आठवण सांगतात. ती आठवण पुष्कळ वर्षांनी लिहून घेतलेली आहे, तेव्हा तिच्यावर थोडे साखरेचे पाणी चढले असेल. पण दोनच आठवड्यांत होनोलुलूच्या वर्तमानपत्रात बातमी आली की मदेराहून नुकतेच आलेले लोक रात्री रस्त्यावर विचित्र वाद्ये वाजवतात आणि लोक खूष होऊन ऐकतात. ही बातमी मात्र त्याच वेळची, छापलेली आहे.

सुतार आधी करारापोटी मळ्यांवर गेले. तिथून सुटल्यावर एकेक होनोलुलूत आला आणि १८८० नंतरच्या दशकाच्या मध्याला तिघांचीही दुकाने शहरात दिसू लागली. लाकूडकाम करता करता ते वाद्ये करू लागले. यात नवल वाटायला नको. आपल्या मिरजेत तंबोरे-सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस गेले आणि हात भोपळ्याकडे वळले. हात शिकलेला असला की तो उपाशी बसत नाही.

या तिघांनी जे केले ते हुबेहूब माशेते नव्हते. अंगलट माशेतेची, पण तारा जुळवण्याची रीत रजांव नावाच्या दुसऱ्या, पाच तारांच्या मदेरी वाद्यावरून घेतलेली. त्यात एक तार वगळली. त्यामुळे युकुलेलेची वरची पहिली तार खालच्या तारेपेक्षा उंच बोलते, आणि ऐकणाऱ्याला सूर उड्या मारल्यासारखे वाटतात. लाकूड मात्र हवाईचे, कोआ. राजघराण्यात आणि लोकांत या झाडाचा मान मोठा. लढाईच्या होड्या त्याच्याच खोडातून कोरीत. परदेशी वाद्य देशी लाकडात आले आणि तेथल्या लोकांनी ते आपले मानले.

आपले मानणाऱ्यांत पहिला होता खुद्द राजा. कालाकौआ हा हवाईचा राजा संगीताचा मोठा शोकी. हा तोच राजा, जो १८८१ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. त्या प्रवासात कलकत्त्याहून आगगाडीने येऊन तो मुंबईला जहाजात चढला. १८८६ च्या नोव्हेंबरात त्याच्या पन्नाशीचा सोहळा झाला. त्याच्या दरबारात मिशनऱ्यांनी दाबून टाकलेले हुला नृत्य पुन्हा उघडपणे होऊ लागले आणि त्याला युकुलेलेची साथ मिळू लागली. नावाबद्दल दोन मते आहेत. ‘ऊकू’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी. वाजवणाऱ्याची बोटे तारांवर उड्या मारतात म्हणून ‘उडती पिसू’. राजाची बहीण लिलिउओकलानी हिला हा अर्थ पसंत नव्हता. तिच्या मते ऊकू म्हणजे देणगी आणि लेले म्हणजे येणे. दुरून आलेली देणगी. पिसवा खऱ्या की देणगी खरी, हे भाषापंडितांनी ठरवावे. पण राणीचा अर्थ राणीला शोभणारा आहे.

आता त्या चिठ्ठीकडे वळू.

तिघांपैकी एस्पिरितो सांतो १९०५ साली वारला. दियास १९१५ साली गेला. नुनेस १९२२ पर्यंत जगला. आणि युकुलेलेला साऱ्या अमेरिकेतून मागणी आली ती नेमकी १९१५ नंतर. ज्या वेळी ‘हे वाद्य कोणी काढले?’ असे जग विचारू लागले, त्या वेळी उत्तर द्यायला तिघांतला एकच उरला होता. त्याच्या दुकानाच्या चिठ्ठीवर छापले गेले: युकुलेलेचा जनक, १८७९. त्या साली तो जहाजातून उतरला होता, इतकेच खरे. तेव्हा ते वाद्य अजून माशेतेच होते. नुनेस खोटारडा होता असे मला म्हणायचे नाही. तो उत्तम कारागीर होता आणि त्याने पुष्कळांना ही कला शिकवली. पण जुन्या व्यापारी याद्यांत आणि वर्तमानपत्रांत तिघांचीही दुकाने आगेमागे सापडतात. एकाने शोध लावला आणि बाकीचे दोघे नुसते बघत उभे होते, असे त्यावरून मुळीच दिसत नाही. शर्यतीत जो शेवटपर्यंत जगतो तो इतिहास सांगतो, एवढेच.

म्हणजे वाद्याचे वय ठरवणे ही नुसती किमतीची गोष्ट नव्हे. एखादे वाद्य १८९० पूर्वीचे आहे असे सिद्ध झाले आणि ते दियासच्या हातचे निघाले, तर त्या चिठ्ठीवरच्या ‘जनक’ या शब्दाला उत्तर मिळते.

ती चिठ्ठी पुरी वाचली तर तीच आपले पितळ उघडे पाडते. वरती ‘नुनेस आणि मुलगे’ असे असेल, तर मुले हाताशी आल्यानंतरची ती चिठ्ठी, म्हणजे १९१० च्या सुमाराची किंवा पुढची. पत्ता असेल तर आणखी चांगले. होनोलुलूत दर वर्षी कोण कुठल्या रस्त्यावर काय धंदा करतो याची छापील यादी निघे. दुकान हलले की पत्ता बदले. याद्यांचे गठ्ठे उघडून बसले की चिठ्ठी दोनचार वर्षांच्या आत कोंडता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण जंत्री घेऊन मोडी कागदांच्या तारखा लावणाऱ्यांनी आपल्याकडे दुसरे काय केले?

आणि पत्त्याच्या शेवटी दोन अक्षरे असतात. माझ्या मते त्या सबंध चिठ्ठीतली तीच सर्वांत बोलकी. होनोलुलूच्या पुढे ‘एच. आय.’ असेल तर त्याचा अर्थ हवाई बेटे, ‘टी. एच.’ असेल तर हवाईचा प्रांत, अमेरिकेचा. या दोन अक्षरांच्या मध्ये एक राज्य बुडाले आहे. कालाकौआ १८९१ च्या जानेवारीत वारला आणि बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. १८९३ च्या १७ जानेवारीला साखरवाल्या आणि व्यापारी गोऱ्यांनी अमेरिकन आरमारी शिपायांच्या छायेत तिला पदच्युत केले. १८९४ मध्ये त्यांनी आपले प्रजासत्ताक पुकारले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे खालसा केली, १९०० साली त्यांचा रीतसर प्रांत झाला आणि १९५९ च्या २१ ऑगस्टला ते अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. तेव्हा ‘टी. एच.’ दिसले की ते वाद्य १९०० ते १९५९ मधले, यात शंका घ्यायला नको. ‘एच. आय.’ला मात्र इतकी खात्री देता येत नाही. ती अक्षरे लोकांच्या जिभेवर आणि कलमावर पुढेही काही वर्षे रेंगाळली. राज्य गेले तरी पत्ता एकदम जात नाही. आपल्याकडेही संस्थाने विलीन झाल्यावर म्हातारी माणसे पत्रावर संस्थानाचे नाव घालीतच होती.

मग ज्या चिठ्ठीवर १८७९ आहे, ‘मुलगे’ आहेत आणि ‘टी. एच.’ही आहे, तिचे काय? ती १९१० नंतरची. माळ्यावरच्या मंडळींचा आनंद तीसचाळीस वर्षांनी कसा चुकतो तो असा.

नुनेसच्या एका मुलाने, लिओनार्डोने, तर आणखी गंमत केली. तो १९१४ च्या आगेमागे अमेरिकेत लॉस एंजलिसला जाऊन राहिला आणि तिथे वाद्ये करू लागला. त्याच्या छापाचे नाव ‘युकुलेले ओ हवाई’. खाली लिहिलेले, की आपण युकुलेलेच्या जनकाचा मुलगा, आणि पुन्हा तेच १८७९. नाव हवाईचे, साल बापाचे आणि जन्म कॅलिफोर्नियाचा! वाद्ये मात्र उत्तम आहेत, हे सांगितले पाहिजे.

असाच चकवा जोना कुमलाए याच्या वाद्यांत आहे. कुमलाए हा हवाईयन माणूस होता, आणि होनोलुलूत त्याचा मोठा कारखाना होता. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालवा खुला झाल्याच्या आनंदात प्रचंड प्रदर्शन भरले. ते फेब्रुवारी ते डिसेंबर चालले आणि जवळजवळ १ कोटी ९० लाख वेळा लोक दारातून आत गेले. त्यात हवाईचा मंडप होता, तिथे दिवसभर हवाईयन गवई गात आणि युकुलेले वाजवीत. अमेरिकेला या वाद्याचे वेड लागले ते तिथून. त्या प्रदर्शनात कुमलाएला सुवर्णपदक मिळाले, आणि त्याने ते आपल्या वाद्याच्या माथ्यावर सालासकट छापले. पुढे वर्षानुवर्षे तोच छाप चालू राहिला. म्हणून कुमलाएचे जे वाद्य सापडते ते ‘१९१५ चे’ ठरते! आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानावर स्थापनेचे साल असते, म्हणून त्या सालचे पेढे कोणी खात नाही.

मागणी वाढली तसे अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतले कारखानदार जागे झाले. शिकागोत यंत्रांवर वाद्ये निघू लागली आणि टपालाने घरोघर जाऊ लागली. काहींनी त्यांच्यावर हवाईत बनवल्याचा छापही मारला. होनोलुलूच्या कारागिरांनी ओरड केली, आणि खऱ्या हवाई मालासाठी ‘तबू’ असा एक शिक्का ठरवण्यात आला. त्यावर जुन्या राजघराण्याचे चिन्ह होते. तबू म्हणजे निषिद्ध. हा शिक्का दुसऱ्याने वापरायचा नाही. तो १९१५ नंतरच्या दोनतीन वर्षांतला आहे, तेव्हा ज्या वाद्यावर तो असेल ते त्याहून जुने नाही. लोक मात्र त्यावरचा मुकुट पाहतात आणि वाद्य राजाच्या काळचे समजतात. ज्या राजवटीला हाकलून लावले तिचाच मुकुट वीस वर्षांनी मालाच्या खरेपणासाठी लागला, हे पाहून राणीला काय वाटले असेल? ती १९१७ पर्यंत हयात होती.

अमेरिकन कारखानदारांत नाव घ्यावे ते मार्टिनचे. पेनसिल्व्हेनियात नाझरेथ नावाचे गाव आहे, तिथला हा गिटारवाला. त्याने १९०७ साली काही युकुलेले करून पाहिली, पण गिटारीच्या सवयीने आत आडव्यातिडव्या पट्ट्या घालून ती इतकी जड केली की ती बोलेनात. १९१६ पासून मात्र त्याला गुपित सापडले. लाकूड पातळ ठेवा, आत कमी भरा. १९२६ या एका वर्षात त्याने चौदा हजारांवर युकुलेले बाहेर काढली. त्याच्या गिटारींवर १८९८ पासून अनुक्रमांक आहेत, त्यामुळे त्यांचे वय पोरसुद्धा सांगेल. युकुलेलेवर मात्र, अगदी सुरुवातीची थोडी सोडल्यास, क्रमांकच नाहीत! इतक्या नीटनेटक्या माणसाने हे असे का केले असेल, देव जाणे. बहुधा त्याला हे चार दिवसांचे खूळ वाटले असावे. त्यामुळे पाहणाऱ्याला बारीकसारीक खुणांवरच जावे लागते. खुंट्या लाकडी असतील तर वाद्य साधारण १९२५ च्या अलीकडे येत नाही; नंतर धातूच्या आल्या. कोआचे असेल तर १९२० किंवा पुढचे, कारण त्याआधी तो महोगनीच वापरी. नावाचा ठसा माथ्याच्या मागे लाकडात दाबलेला असेल तर १९३०-३५ च्या आधीचे. पुढे माथ्याच्या दर्शनी बाजूला छापील अक्षरे चिकटवू लागले. आतल्या ठशाखाली ‘अमेरिकेत तयार केलेले’ असे असेल तर १९६२ नंतरचे. आणि त्या छापील अक्षरांखाली काय लिहिले आहे? ‘स्थापना १८३३’. हे वाचूनही फसलेले लोक आहेत. १८३३ साली मार्टिनच्या थोरल्याने अमेरिकेत दुकान थाटले, आणि मदेराचे ते जहाज यायला अजून सेहेचाळीस वर्षे होती.

या सगळ्याच्या मुळाशी एकच साधा कायदा आहे, आणि तो मी वर्गात पोरांना जुन्या कागदांविषयी सांगतो तोच: कुठलीही वस्तू तिच्यातल्या सर्वांत तरुण भागाहून म्हातारी असू शकत नाही. शिवकाळातले म्हणून दाखवलेल्या पत्रात आगगाडी आली, की पत्राचा निकाल लागला. तसेच वाद्याचे. पेटीला किंवा खुंट्यांना चौफुलीसारखी खाच असलेला स्क्रू असेल, तर तो फिलिप्सचा, १९३० नंतरच्या दशकातला. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक किंवा दोन आकडी टपाल-विभाग असेल तर १९४३ ते १९६३ मधले. पाच आकडे असतील तर १९६३ किंवा नंतरचे. परक्या देशातून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती १८९१ पासून झाली. ‘व्याप्त जपान’ असे छापलेले असेल तर युद्धानंतरच्या सहासात वर्षांतले, कारण १९५२ मध्ये तो ताबा संपला. सर्वांत मोठ्या, बॅरिटोन आकाराचे असेल तर ते १९१५ सालच्या आजोबांचे नव्हे. तो आकार १९४० नंतरचा.

पण इथे एक पथ्य आहे. तो भाग मूळचा आहे ना, हे आधी पाहायचे. दात बसवून घेतलेल्या म्हाताऱ्याचे वय दातांवरून सांगू नये. तारा तर सोडूनच द्या. जुन्या वाद्यांना आतड्याची तात असे, महायुद्धानंतर नायलॉन आले आणि साऱ्यांनी तात काढून नायलॉन घातले. नायलॉनची तार पाहून १९१२ चे वाद्य १९५० चे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय. खुंट्याही अशाच बदललेल्या सापडतात, पण जुन्या भोकाची कड, बुजवलेला लहानसा खड्डा, पहिल्या वॉशरचा गोल डाग राहतो. जाणता माणूस तिथे भिंग लावतो.

रंगालाही जीभ असते. जुन्या हवाई वाद्यांवर लाखेचे पॉलिश, फडक्याच्या बोळ्याने चढवलेले. ही लाख आपल्या देशातल्या पळसा-कुसुंबाच्या झाडांवरची. जगाला लाख पुरवण्यात हिंदुस्थानचा हात त्या काळी सर्वांत मोठा होता. म्हणजे मदेराच्या सुताराने हवाईच्या लाकडावर जे चकाकते अंग चढवले, त्यात छोटानागपूरकडच्या किड्यांचीही मेहनत असण्याचा संभव आहे. १९२० नंतर कारखान्यांनी पिचकारीने मारायचे नवे सेल्युलोजचे रोगण आणले. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरले की लाख नारिंगी दिसते आणि ते नवे रोगण हिरवट-पिवळे. मागाहून केलेली डागडुजी तर अशी वेगळी उठून दिसते, की पाहणाऱ्याला मालकाची कीव यावी.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, झाडाच्या कड्या मोजा की! व्हायोलिनच्या बाबतीत ते झालेले आहे. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातले स्ट्राडिव्हारीचे ‘मसाया’ नावाचे व्हायोलिन १७१६ सालचे म्हणून दाखवतात. ते नंतरच्या कोणा नकलाकाराचे असावे असा संशय १९९० नंतर कोणी काढला आणि मोठी खडाजंगी झाली. तबलीच्या लाकडातल्या बारीक कड्या मोजल्या, त्या आल्प्सकडच्या झाडांच्या कड्यांशी जुळवल्या, आणि शेवटची कडी १६८० नंतरच्या दशकातली निघाली. म्हणजे झाड स्ट्राडिव्हारीच्या काळात बसते. पण तिकडे थंडीत झाड झोपते, म्हणून वर्षाला एक कडी स्वच्छ उमटते. हवाईच्या बारमाही उबदार हवेत वाढलेल्या कोआच्या कड्यांवर असा भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कड्या सांगतात लाकडाचे वय. सुताराने फळी किती वर्षे माळ्यावर वाळत ठेवली हे त्या सांगत नाहीत.

सर्वांत सोपे वय प्लास्टिकच्या युकुलेलेचे. मारियो माकाफेरी नावाच्या इटालियन माणसाने १९४९ साली ते काढले. गडी स्वतः उत्तम गिटारवादक, पॅरिसमध्ये गिटारी घडवलेला, आणि युद्धाच्या दिवसांत अमेरिकेत प्लास्टिकचे कपडे वाळत घालायचे चिमटे करणारा. त्याचे युकुलेले सहा डॉलरांना पाच सेंट कमी अशा किमतीला मिळे. दूरचित्रवाणीवर आर्थर गॉडफ्री युकुलेले वाजवून दाखवी, आणि दुसऱ्या दिवशी दुकानांत रांगा लागत. ती वाद्ये लाखांनी खपली. त्यांच्याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. सहा डॉलरांत ज्या पोराला सूर सापडला त्याला कोआ आणि प्लास्टिक यांतला भेद कशाला?

राहता राहिली ती चिठ्ठी नसलेली वाद्ये. अशीच पुष्कळ आहेत, आणि त्यांतच अगदी जुनी सापडण्याचा संभव. पण फार थोडी उरली आहेत. १८९९ च्या अखेरीस होनोलुलूत प्लेग शिरला. हाँगकाँगहून निघालेली तीच साथ, जिने १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात हाहाकार केला. आपल्याकडे घरे फोडली, सामान बाहेर काढून जाळले. तिकडच्या अधिकाऱ्यांनी रोगी सापडलेली घरेच पेटवायला सुरुवात केली. १९०० च्या २० जानेवारीला वारा फिरला आणि आग हाताबाहेर गेली. चिनी वस्ती आणि तिच्या आसपासचा भाग, सुमारे ३८ एकर, जळून गेला, हजारो माणसे उघड्यावर आली. दाटीवाटीची लाकडी घरे, लहानसहान दुकाने, त्यांच्या वह्या, भिंतीवर टांगलेली वाद्ये. अशा आगीतून काय वाचणार?

जे वाचले ते आज हातात आले, की जाणता माणूस चिठ्ठी नाही म्हणून निराश होत नाही. तो आधी पडदे पाहतो. ते वेगळ्या पट्टीवर न बसवता थेट दांडीत बसवलेले असले आणि दांडी तबलीच्या सपाटीला मिळालेली असली, तर तो पुढे सरकतो. मग कंबर किती अरुंद, माथ्याचा काप कसा, गोल तोंडाभोवतीची नक्षी कुणाच्या हातची, हे तो ओळखीच्या चिठ्ठीवाल्या वाद्यांशी ताडून बघतो. लहानसा आरसा आत सोडून दांडीचा सांधा आणि सरसाचे ओघळ पाहतो. कधी फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने केलेली सुताराची खूण सापडते. दुपार जाते, घरची मंडळी चहा आणून ठेवतात, तो निवतो. शेवटी तो सांगतो: ‘होनोलुलू, १८९५ ते १९०५ च्या दरम्यान. मूळच्या खुंट्या, घोडी मागाहून बसवलेली. कारागीर बहुधा एस्पिरितो सांतो.’ मंडळींना १८७९ हवे असते. ती विचारतात, ‘बहुधा म्हणजे?’ तो पुन्हा आरसा आत सोडतो.